कापूस उठेपर्यंत

तुमी आता अमरावतीच्या पेठेत जाता, हात पुढं करता, बांगड्या भरून घेता अन् वरून घासाघीस करता. करा बाप्पा, तुमचे दिवस हायेत. पण याच पेठेत दोन साल असे गेले का इथं रुपये टोपल्यानं भेटत अन् सुई भेटत नव्हती. कोणाले सांगतलं तर म्हणते, बुढीचं डोस्कं फिरलं. फिरलं होतं, पण माहं नाई. माहं एकटीचं सोडून साऱ्या गावाचं फिरलं होतं.

मी मनकर्णा, कासारीण. परकोटाच्या आत, देवळाच्या वाटेवर आमचं दुकान. एका अंगाले हलवाई, दुसऱ्या अंगाले अत्तरवाला, अन् समोर गोपाळकृष्ण जोश्याचा ओटा. मी लगन होऊन आली तवा सासरा दुकानात बसे. त्यानं मले चुलीपाशी ठेवलं नाई, आपल्या बाजूले गादीवर बसवलं. "पोरी, हात पाहून माप घेऊ नको, हात धरून घे," म्हणे. त्या गादीवर मी एकवीस साल बसली. नवऱ्याच्या घरात मले दुसरं काईच आपलं वाटलं नाई, ती गादी वाटली. सरळ सांगते, लपवायचं काय त्यात?

सासऱ्यानं त्या गादीखाली एक हिरवा चुडा फडक्यात बांधून ठेवला होता. विकायचा नाई, कोणाच्या हातात भरायचा नाई. "ही दुकानाची लक्ष्मी. ही हाय तोवर आपलं दुकान रिकामं नाई," असं तो मरताना बी सांगून गेला. बाकी त्यानं माहं काई वाईट केलं नाई, फक्त आपला पोरगा माह्या गळ्यात बांधून गेला.

त्या पोराचं, म्हणजे आमच्या धन्याचं, नाव मी घेत नाई. घेण्यासारखं काई केलं असतं तर घेतलं असतं. गाव त्याले नत्थुजी म्हणे.

तर झालं असं का सातासमुद्रापलीकडं अमेरिका म्हणून एक मुलुख हाय म्हणे. तिथं भावाभावात लढाई लागली, तिथला कापूस अडकला अन् विलायतेच्या गिरण्या उपाशी बसल्या. भांडण त्याईचं अन् सत्यानाश आमच्या पेठेचा. वऱ्हाडच्या कापसाले असा भाव आला का माणसं झोपेत बी बोटं मोजत.

पयले हलवायानं कढई उतरवली. "जलेबीत काय ठेवलं हाय वहिनी, चार बोजे कापूस भरतो अन् मोकळा होतो," म्हणे. मोकळा कायचा, कापूस त्यानं त्या कढईत बी भरला. मंग अत्तरवाल्यानं कुप्या घरी नेल्या अन् दुकान छतापर्यंत भरलं. मंग किराणावाला, मंग तांबट, मंग चांभार. चांभार! गावात सारे पाटील अनवाणी फिरून राहिले, अन् चांभार कापसावर बसून राहिला. मिठासाठी माणूस बडनेऱ्याले जाय, अन् तिथून मीठ नाई, कापसाचा भाव घेऊन वापस ये. बैलाच्या शिंगाले चांदीच्या शेंब्या आल्या अन् बैलाचा धनी घरी अळणी भाजी खाऊन राहिला. पण खुश! इचारलं तर म्हणे, पेठ लय जोरात हाय.

जोश्याचं बी काई कमी नव्हतं. त्या सालात त्याच्या पंचांगात एक बी वाईट दिवस निघाला नाई. ज्याले कापूस भरायचा त्याले मुहूर्त तयार. अमावास्येले बी एक चांगली घटका काढून देत जाय.

या साऱ्याईत मोठा खुशालराव. तिवश्याकडचा शेतकरी, काळ्या जमिनीचा धनी. माणूस वाईट नव्हता. पयले बैलगाडी घेऊन येत जाय, बायको सुभद्रेले माह्या दुकानात बसवून सोता झाडाखाली भाकर खाय. पण दोन हंगामात असा फुगला का भर उन्हाळ्यात मखमलीचा अंगरखा घाले, अन् घाम पुसायले एक गडी वेगळा ठेवे. आपला कापूस तर होताच, आता तो लोकाईचा बी घेऊन भरून राहिला होता. त्याले जागा पाह्यजे होती. त्याची नजर आमच्या दुकानावर आली.

माह्याशी बोलला असता तर दोन शब्दात वाटेले लावला असता. पण तो शहाणा, धन्याशी बोलला. "नत्थुजीसेठ," म्हणे. बस! या माणसाले जन्मात कोणी सेठ म्हटलं नव्हतं. तिथंच पाघळला. वरून खुशालरावानं एक लाल मखमली टोपी देली अन् नफ्यात पत्ती देतो म्हटलं. टोपी भेटली. पत्ती मी अजून पाहून राहिली.

"कापूस उठेपर्यंत दुकान माहं," खुशालराव म्हणे. "कापूस उठला का दुकान तुमचं."

तसा दोघाईनं जोश्याच्या ओट्यावर बेलभंडार उचलला. बेलाचं पान अन् हळद हातात घेऊन शपथ. ती मोडली तर सात पिढ्या जळते, हे लेकराले बी ठाऊक. जोश्यानं मुहूर्त सांगतला, मुहूर्ताचे पैसे घेतले.

मी म्हटलं, "अन् माह्या बांगड्या?"

धनी म्हणे, "त्या पेट्या खालीच राहू देऊ. सागवानी हायेत. कापसाले ओल नाई लागणार." म्हणजे माह्या वीस पेट्या बांगड्या खुशालरावाच्या कापसाचं बूड झाल्या. त्याच्यावर बोजे चढले, बोज्यावर बोजे चढले, पार आढ्याले टेकले. मी लक्ष्मीचा चुडा तेवढा गादीखालून काढला, पदराले बांधला अन् घरी नेऊन माह्या पेटीत ठेवला. कोणाले सांगतलं नाई.

"दोन महिन्याची गोष्ट हाय," धनी म्हणे. दोन महिने गेले, दोन साल आले. भाव चढला का खुशालराव म्हणे, अजून चढीन. भाव पडला का म्हणे, आता चढीन. कापूस काई उठेना.

मी टोपल्यात उरल्या बांगड्या घेऊन खेडोपाडी फिरली. त्या सरल्या. मंग मी माह्याच दुकानाच्या पायरीवर बसत जाय, रिकाम्या हातानं. मागं फळ्याच्या फटीतून कापूस बाहेर लोंबे अन् माह्या अंबाड्यात अडके. बाया येत, विचारत, "मनकर्णाबाई, कवा उघडता?" मी म्हणे, "अमेरिकेतले भाऊ एक झाले का." त्या हसत अन् जात. त्या गेल्या का मले रडू ये. काय करू, गादी डोळ्यापुढं होती अन् तिच्यावर कापूस बसला होता, मी पायरीवर.

अशात खुशालरावाच्या पोरीचं, जमुनेचं लगन ठरलं. वैशाखातलं. नवरदेव अकोल्याचा, तिकडच्याच एका कापसात लोळणाऱ्या घरचा. मांडव इथंच अमरावतीत टाकला, असा का पाहणाऱ्याची मान दुखे. जमुनेले सोनं इतकं चढवलं का पोरगी चालताना वाके. अन् लगनाले पाच दिवस उरले तवा सुभद्रेच्या ध्यानात आलं का पोरीले हिरवा चुडा नाई.

आता हे पाहा, सोनं अंगभर घाला, हिरे घाला, पण हिरव्या काचेच्या चुड्याबिगर पोरीले हळद लागत नाई. वऱ्हाडात नाई, कुठंच नाई. सुभद्रेनं गडी धाडला पेठेत, कोणत्या बी कासाराकडून घेऊन ये. पेठेत कासार पाच होते. पाचाईच्या दुकानात कापूस होता. गडी दुपारी वापस गेला, अंगाले कापूस चिकटवून.

मंग सहदेव नावाच्या गड्याले चांगली बैलं जुंपून अकोल्याले धाडला. दिवसरात्र बैल हाणत चौथ्या दिवशी आला. अकोल्याच्या लोकाईले वाटते आपण अमरावतीपेक्षा दोन बोटं जास्त शहाणे. तिथं कासाराच्या दुकानात सरकी भरली होती. सहदेव पार पातूरपर्यंत जाऊन आला. त्यानं आणल्या सात बांगड्या. चार तऱ्हेच्या, तीन मापाच्या, अन् त्यात एक बांगडी अशी का तिच्यात जमुनेचे दोन्ही हात गेले असते. तिकडं नवरदेवाची माय वऱ्हाड घेऊन जानोश्यात उतरली होती. तिनं त्या सात बांगड्या पाह्यल्या अन् म्हणे, "आमच्यात असं नाई चालत. चुडा नाई तर हळद नाई, हळद नाई तर आमी निघालो." जशी काई अकोल्यात चुड्याच्या राशी सोडून आली होती!

दुसऱ्या दिवशी हळद. सांजच्याले सुभद्रा माह्या पायरीशी आली. मागं खुशालराव, घाम पुसायचा गडी, अन् लाल टोपी घालून आमचे धनी.

"मनकर्णा, तुह्याजवळ एखादा चुडा असीन ना वं?" सुभद्रा म्हणे.

होता. माह्या घरी, माह्या पेटीत, फडक्यात. उठली असती, आणला असता, भरला असता. पोरगी चांगली होती, तिचं वाईट व्हावं असं मले काई वाटत नव्हतं. पण मी पायरीवर बसून होती अन् मागून कापूस माह्या मानेले टोचून राहिला होता. मी म्हटलं, "हाय ना. वीस पेट्या हायेत. तुमच्या मालकाच्या कापसाखाली."

खुशालराव म्हणे, "एक पेटी ओढून काढू. हाय काय त्यात?"

एक हमाल बोज्याईच्या मधातून आत शिरला. कमरेपर्यंत गेला, मंग गुडघ्यापर्यंत गेला, मंग नुसते तळवे दिसून राहिले. तो आतून काई तरी बोंबलत होता. चार जणाईनं पाय धरून ओढला तवा वाचला. नाकातोंडात कापूस, डोळे लाल. म्हणे, "मालक, सारा माल काढल्याबिगर पेटी येत नाई."

"अन् दुसरी गोष्ट," मी म्हटलं. "आमच्या घराण्यात नवरीचा पयला चुडा गादीवरच भरते. दुकान झाडायचं, सडा टाकायचा, गादी घालायची, मंग. मांडवात येऊन मी भरत नाई."

हे साफ खोटं. कासार नवरीच्या घरी जाऊन चुडा भरते, हे साऱ्या दुनियेले ठाऊक. धनी बी तोंड उघडायले निघाला, पण मी त्याच्याकडं असं पाह्यलं का टोपी नीट करत बसला.

खुशालराव भडकला. "काय चावटपणा हाय? जोशीबुवा, तुमी सांगा, असं कुठं शास्त्रात हाय का?"

जोशी समोर होता. त्याचा ओटा बी खुशालरावाच्या बोज्यानं भरला होता. दोन साल तो भर पावसात छत्री धरून उभ्यानं मुहूर्त सांगत होता. त्यानं बोज्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, डोळे मिटले.

"शास्त्राधार आहे," म्हणे.

कोणत्या शास्त्रात, ते ना त्यानं सांगतलं ना कोणी विचारलं. तेवढ्या एका शब्दावर मी त्याले साऱ्या अमावास्या माफ केल्या.

खुशालराव कापूस काढायले तयार होईना. भाव चढून राहिला होता, माल हलवला का नजर लागते म्हणे. तवा मागून जमुना आली. पोरगी सोन्यानं वाकली होती, पण बोलली सरळ. "बाबा, मले चुडा पाह्यजे. हे सोनं तुमी घाला."

खुशालरावानं हमाल बोलवायले गडी धाडला. पोरीपुढं त्याची मखमल काई कामाची नव्हती.

दिवस उगवताच तीस हमाल लागले. बोजे निघू लागले तशी पेठ पांढरी झाली. पयले हलवाई उठून आला. डोळे चोळत उभा राहिला. आजपर्यंत खुशालरावाचा एक बोजा बाहेर आलेला कोणी पाह्यला नव्हता.

"राव, माल काढून राहिले काय?"

आता खुशालरावानं सांगायचं होतं ना, बाप्पा, पोरीच्या बांगड्या खाली हायेत, त्या काढून राहिलो! झालं असतं, विषय मिटला असता. पण एवढा मोठा सेठ, अन् एका कासारणीच्या म्हणण्यावर दुकान उपसून राहिला, हे कोणत्या तोंडानं सांगणार? त्यानं मिशीवर हात फिरवला. "हाय आपलं थोडं काम," म्हणे.

बस. हलवाई धावत गेला. अत्तरवाल्याले म्हणे, "खुशालराव माल काढून राहिला. काई सांगत नाई. मुंबईहून काई तरी आलं हाय त्याले." अत्तरवाला म्हणे, "लढाई थांबली असीन." किराणावाल्यापाशी जाईपर्यंत लढाई थांबली. तांबटापाशी जाईपर्यंत अमेरिकेचा कापूस जहाजात चढला. चांभारापाशी पोचली तवा जहाज मुंबईले लागून बी गेलं होतं. घटकाभरात पेठेतलं प्रत्येक दुकान उपसू लागलं. जो तो आपला माल रस्त्यावर ओढून दलालाले धरून राहिला. दलाल तरी किती? दलाल एका रुमालाखाली एकाची बोटं धरे, बोटावर भाव सांगे, तर दुसरा त्याच रुमालात आपला बी हात खुपसे. एकाच रुमालाखाली चार हात! कोणाचं बोट कोणाच्या हातात, कोणाले पत्ता नाई. दुपारपर्यंत भाव असा घसरला का लोक तोंडानं सांगायले लाजत.

तवा खुशालरावाचा धीर सुटला. रस्त्यात उभा राहून बोंबलला, "अरे येड्याहो, मले कायची बी बातमी नाई! पोरीच्या बांगड्या काढून राहिलो!"

सारे हसले. "बांगड्या! कोणाले शिकवता राव?" अन् अजून जोरात विकू लागले.

इकडं दुकान रिकामं झालं. मी झाडलं, सडा टाकला, गादी घातली. दोन सालानं तिच्यावर बसली. ढुंगणाखाली कापूस दबला होता का गादीच तशी मऊ होती, आठवत नाई. आठवते एवढंच का मी दोन्ही हातानं तिच्या सुरकुत्या काढल्या. मंग मी पयली पेटी उघडली.

चुरा. नुसता चुरा. दुसरी उघडली, तिसरी उघडली. सागवान राह्यलं होतं, खिळे निखळले होते, झाकणं आत बसली होती. पुढं साऱ्या उघडल्या तवा समजलं, वीस पेट्यात वीस रंगाची काच, अन् एक बी बांगडी नाई. सासऱ्याची सारी कमाई. धनी मागं उभा होता. त्यानं पाह्यलं, टोपी काढली, हातात घेऊन उभा राह्यला.  त्या माणसानं जन्मात केलेलं शहाणपणाचं तेवढं एकच काम.

समोर नवरी, नवरीची माय, नवरदेवाची माय, अन् पेठेतल्या दहा-वीस बाया. मी पाठ केली. चौथ्या पेटीत हात घातला, पदर त्याच्यावर सोडला, सकाळी घरून आणून पदराले बांधलेल्या फडक्याची गाठ सोडली. अन् फडक्यातला हिरवा चुडा पेटीतून काढल्यासारखा वर काढला. दुकानाची लक्ष्मी. सासरेबुवा, मले माफ करजा. दुकानच नव्हतं तर लक्ष्मी ठेवून काय केलं असतं मी?

जमुनेचा हात धरला. सोन्यानं ओरखडे पडले होते. अंगठा आत दाबला, बोटं चेपली, एकेक बांगडी चढवली. कासार बांगडी फुटली म्हणत नाई, वाढली म्हणते. एक बी वाढली नाई. शेवटची चढली तशी पोरगी माह्या पाया पडली अन् हात हलवून पाह्यला. काच वाजली. दोन साल पेठेत तो आवाज नव्हता. साऱ्या बाया एकदम बोलू लागल्या, "माह्या हातात बी भर, माह्या बी." नवरदेवाची माय म्हणे, "चुडा चांगला हाय." अकोल्याच्या बाईनं एवढं म्हटलं म्हणजे लय झालं.

सांजच्याले खुशालराव हमाल घेऊन आला. "उठा आता. माल भरू द्या."

मी गादीवरून हलली नाई. "कापूस उठला," मी म्हटलं. "बेलभंडार कोणी उचलला होता?"

"तो काय इकायले काढला होता? बांगड्यासाठी काढला!"

"कायसाठी बी उठो. उठला ना?"

धनी म्हणे, "अवं, एक कोपरा देऊन टाकू ना..." मी म्हटलं, "देजो. तुही टोपी ठेवायले." जोशी समोरून पाहत होता. खुशालरावानं त्याच्याकडं पाह्यलं तर त्यानं डोळे मिटायले सुरवात केली. ते पाहून खुशालरावानं पुढं इचारलंच नाई. मागं विहीणबाई उभी होती. पोरीच्या हळदीच्या दिवशी, सोयऱ्याईपुढं, बेलभंडार मोडायची त्याची हिंमत झाली नाई. त्यानं माल परकोटाबाहेर मैदानात टाकला. विकला नाई. म्हणे, "हे सारे येडे हायेत. आठ दिवसात भाव चढीन."

खरं सांगायचं तर चढला. दहा दिवस भाव वर जात होता, अन् पेठेतला प्रत्येक माणूस खुशालरावाच्या नावानं खडे फोडून राहिला होता. हलवाई तर माह्या दुकानात येऊन रडला. "वहिनी, त्यानं आमाले बुडवलं वो." मी म्हटलं, "जलेबी कर. भूक लागली हाय." दुकानं रिकामी होती, दुसरं करायले काई नव्हतं, म्हणून त्यानं कढई घासली. पयल्या घाण्यात कापसाचे तंतू निघाले. तरी लोकाईनं खाल्ली, दोन साल गोड खाल्लं नव्हतं कोणी. मंग अत्तरवाल्यानं कुप्या आणल्या. मंग चांभार बसला. कापूस नाई, म्हणून पेठ उघडली. हौसेनं कोणीच उघडली नाई, हे लक्षात ठेवा.

अन् मंग मुंबईहून खरी बातमी आली. लढाई खरंच थांबली. भाव असा कोसळला का मुंबईचे मोठे मोठे सेठ तोंड लपवून राहिले. अकोल्याची पेठ बुडाली. अमरावतीची वाचली, कावून का आमचे सारे शहाणे आधीच घाबरून विकून मोकळे झाले होते.

आता पाहा गंमत. रातोरात खुशालराव देवमाणूस झाला. पेठेनं सभा भरवली, त्याले पागोटं बांधलं. हलवाई भाषण करून म्हणे, "या माणसाले सारं ठाऊक होतं. आपल्याले वाचवलं, अन् सोताचा माल मैदानात तसाच ठेवला, म्हणजे कोणाले संशय नको. काय त्याग!" खुशालराव पागोटं घालून बसला होता.  त्याचा सारा कापूस मैदानात पडून होता. गाई खाऊन राहिल्या होत्या, अन् गाईले बी आवडून नव्हता राहिला. माहं नाव त्या सभेत कोणी घेतलं नाई. मले बोलावलं बी नव्हतं. दुकान टाकून मी जाणार बी नव्हती म्हणा.

दिवाळीच्या आधी एका दुपारी सुभद्रा आली. एकटीच, पायी. गाडी गेली होती, बैल गेले होते, अन् मनगटं मोकळी होती. फक्त एकेक लाखेची बांगडी राह्यली होती. गादीवर हात ठेवला अन् म्हणे, "काचेच्या भर. सोनं गेलं."

 तिच्या पोरीचा हात धरायले मी अख्खी पेठ उपसायले लावली होती. माह्या खोट्यानं तिचा कापूस मैदानात गेला. नागपूरहून नवा माल आला होता, त्यातल्या चांगल्या हिरव्या काढल्या. तिचा हात धरला. भरू लागली.

"जमुनेचा चुडा अजून तसाच हाय," सुभद्रा म्हणे. "एक बी वाढली नाई."

"चांगला माल होता," मी म्हटलं.

"त्या पेटीत नव्हता पण."

मी हातातली बांगडी गादीवर ठेवली.

"मी तुह्या मागंच उभी होती, मनकर्णा. चौथ्या पेटीत बी चुरा होता. चुडा तुह्या पदरातून निघाला. म्हणजे तुह्याजवळ आधीपासूनच होता."

दुकानात दुसरं कोणी नव्हतं. बाजूले हलवाई जलेबी काढून राहिला होता. मले तोंड वर करायची लाज वाटली. "मंग तवाच बोलली कावून नाई वं? तुह्या मालकानं माल लगेच आत घातला असता. तुमचं एवढं नुकसान..."

"माह्या घरी बाजीवर बी कापूस होता," सुभद्रा म्हणे. "देवघरात होता, चुलीपाशी होता. दोन साल मी भुईवर निजली. त्याले म्हटलं तर म्हणे, अजून चढीन." तिनं हात सैल सोडला. "तुहं दुकान रिकामं होताना पाह्यलं अन् मले वाटलं, कोणाचं तरी रिकामं झालं. होऊ दे म्हटलं."

मी बांगड्या भरल्या. एका हातात चार, दुसऱ्या हातात चार. पैसे घेतले नाई, अन् तिनं बी दोनदा इचारलं नाई. रिवाजाची वरची एक बांगडी चढवली, सौभाग्याची.

"आता निजते ना बाजीवर?" मी म्हटलं.

"बाज इकली," सुभद्रा म्हणे. मंग हसली, अन् हसताना नव्या बांगड्या वाजल्या. मी तिले गादीवर जागा करून देली अन् हलवायाले हाक मारून दोन जलेब्या मागवल्या.